हादऱ्यांवरचं घर

गाडीने नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांनाही पायी चालणाऱ्यांचा मुख्य नियम पाळावाच लागतो: नदी ओलांडायची नाही. ओंकारेश्वराहून निघायचं, नदी उजव्या हाताला ठेवत दक्षिण तटाने समुद्राकडे जायचं, तिकडून उत्तर तटाने अमरकंटक गाठायचं आणि उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वरी परतायचं. आमचं जबलपूर उत्तर तटावर. पुण्या-नाशिकहून निघालेली मिनीबस इथल्या ग्वारीघाटाला लागते तोवर तिची निम्मी वाट सरलेली असते आणि कुरबुरी सुरू झालेल्या असतात. शहरातून नागपूरचा रस्ता धरला तर तिलवाऱ्याचा पूल लागतो. तो ओलांडला की घराकडे तोंड झालंच. पण परिक्रमेतल्या गाडीला तो पूल वर्ज्य. जे काही मोडलं असेल ते याच तटावर दुरुस्त व्हायला हवं.

हिवाळाभर अशा गाड्या इथे येतात. मराठी बोलणारा कोणी घाटावर भेटला की ही मंडळी मोकळेपणाने बोलू लागतात, आणि दोन वाक्यांत गप्पा देवदर्शनावरून गाडीच्या पोटात शिरतात. तक्रारी ऐकल्या तर एक गोष्ट लक्षात येते. इंजिनाचं गाऱ्हाणं क्वचितच असतं. टाटा, लेलँड, फोर्स या कंपन्यांच्या इंजिनांना देशभर मिस्त्री आहेत, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. मोडलेलं असतं ते मालकाने हौसेने आत बसवलेलं: सिंकखालचा पाइप, भांड्यांच्या कपाटाचं दार, पलंगाचा पाय, पंख्याची वायर, छतावरच्या झरोक्याची कड. यातलं काहीच कंपनीने दिलेलं नसतं, म्हणून कोणत्याही शोरूमकडे त्याचं उत्तर नसतं. ते उत्तर ज्याने बसवलं त्यानेच शोधायचं असतं. हे पुस्तक त्याच्यासाठी आहे.

पुस्तकभर एकच गोष्ट मी वेगवेगळ्या अंगांनी सांगितली आहे, ती आधीच सांगून टाकतो. घरातली कारागिरी गाडीत चालत नाही. सुतार चांगला असतो, प्लंबर चांगला असतो, इलेक्ट्रिशियनही परवानाधारक असतो. तरी त्यांनी मिळून बसमध्ये केलेलं सुंदर काम पहिल्या हजार किलोमीटरमध्ये खिळखिळं होतं. घरात वजन फक्त खाली ओढतं. भिंतीतल्या खिळ्यावर टांगलेली पिशवी वर्षानुवर्षं तशीच राहते. गाडीत तेच वजन ब्रेक मारला की पुढे धावतं, वळणावर बाजूला झुकतं आणि खड्ड्यात चक्क वर उडतं. शिवाय इंजिनाची बारीक थरथर दिवसभर चालू असते, आणि खड्ड्यांपेक्षा तीच जास्त नट सैल करते. म्हणून प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारायचे: हे हादऱ्याने सुटेल का, आणि सुटलं तर कोणाच्या अंगावर पडेल?

हे शिकायला जबलपूरसारखं गाव नाही, असं मी जबलपूरकर म्हणून म्हणतो, पण त्याला आधार आहे. गन कॅरेज फॅक्टरी इथे १९०४ पासून आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर बनणारे शक्तिमान ट्रक १९५० च्या दशकाच्या अखेरीस इथेच जुळू लागले. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमान, निस्सानचा एक टनी ट्रक, जोंगा अशा लष्करी गाड्या तिथून निघू लागल्या. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून व्हेईकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगममध्ये आहे. शिवाय लष्कराचा ५०६ बेस वर्कशॉप इथलाच. रांझी-खमरियाच्या वस्त्यांत तीन-तीन पिढ्या या कारखान्यांच्या भोंग्यावर उठल्या. त्यांत आमच्यासारखी मराठी घरंही होती.

माझे बाबा व्हेईकल फॅक्टरीत असेंब्लीवर होते. घरातलं स्टूल डुगडुगलं तरी ते खिळा ठोकत नसत. आरपार भोक पाडून बोल्ट घालत, मागे रुंद वायसर, मग स्प्रिंग वायसर, मग नट. आणि नट पुरता कसला की त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढत. नट पावभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पाना हातात न घेता, नुसत्या टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटांत सगळी गाडी तपासता येते. या पुस्तकातल्या सगळ्या युक्त्यांमध्ये स्वस्त आणि उपयोगी अशी ही एकच निवडायला सांगितली तर मी हीच निवडीन. रंगाची छोटी डबी, एक बारीक ब्रश. पलंगाच्या पायापासून पाण्याच्या टाकीच्या पट्ट्यांपर्यंत प्रत्येक नटावर रेघ हवी, आणि रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी एक फेरी.

जोंग्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरच्या घरी गाडी बदलण्याचं वेड इथे त्याने लावलं. निस्सान पॅट्रोल या गाडीच्या आधारावर बनलेली ही जीप, सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, आणि तहान त्या मानाची. लष्कराने काढून टाकलेले जोंगे लिलावात सुटले तेव्हा हौशी लोकांनी ते उचलले. पहिलं काम म्हणजे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवणं. मग मागे कापडी छताऐवजी पत्र्याची पेटी, तिच्यात बाकडं, बाकड्याखाली स्टोव्ह, बाजूला पाण्याचे कॅन. इथल्या गुरंदी बाजारात जुने सुटे भाग धुंडाळणं हा कित्येकांचा रविवारचा कार्यक्रम होता. चालतं घर असं कोणी त्याला म्हणत नसे, पण शिकारीचे दिवस संपल्यावर जंगलात मुक्काम करणाऱ्यांची ती घरंच होती.

तशी मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. नाटक कंपनीची बस रात्रभर चालते, टपावर सेट आणि आत झोपलेले नट. दसऱ्यानंतर निघालेला तमाशाचा फड ट्रकांवर संसार घेऊन उन्हाळ्यापर्यंत गावोगाव फिरतो. इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या डॉक्टराने १८८५ मध्ये केवळ भटकण्यासाठी घोड्यांची घरगाडी बांधून घेतली, आणि १९५० च्या दशकात फोक्सवॅगनच्या डब्यागाडीत वेस्टफालियाने पलंग-ओटा बसवून दिला. हौसेच्या घरगाड्यांचा इतिहास सांगणारे तिथून सुरुवात करतात. पोटासाठी फिरणाऱ्यांचा इतिहास त्याहून बराच जुना आहे आणि तो कोणी नीट लिहिलेला नाही.

आता कायदा. हे प्रकरण कंटाळवाणं आहे, तरी पहिलं ठेवलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे लावलं. घरगाडीसाठी एआयएस १२४ हे स्वतंत्र मानक आहे. बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा, एवढं त्यात अपेक्षित आहे. आणि हे सगळं गाडीला पक्कं जोडलेलं हवं, टेबल मात्र काढता-घालता आलं तरी चालतं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आरटीओत हा शब्द निदान ओळखीचा झाला आहे. व्यवहारात याचा अर्थ असा: आतलं फर्निचर, पडदे, दिवे, उशा यांसाठी कोणी अडवत नाही, आसनं कमी करणं, छत उंचावणं, इंजिन बदलणं, चासी लांबवणं यांसाठी परवानगी आधी घ्यायची, काम नंतर. लोक उलट करतात. मग फिटनेसच्या दिवशी सगळं सामान उतरवून भाड्याची आसनं बसवण्याची धावपळ होते. अपघात झाला आणि विमा कंपनीने नोंदणी पुस्तक मागितलं, तर त्या धावपळीचाही उपयोग होत नाही.

वजनाकडे लोकांचं लक्ष सर्वांत कमी असतं. घरात वजनाचा विचार करायची सवयच नाही. मराठी घरातला ओटा कडाप्प्याचा, म्हणून बसमधलाही कडाप्प्याचाच हवा, असा आग्रह मी अनेक घरांत ऐकला आहे. वीस मिलिमीटर जाडीचा कडाप्पा एका चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे साठ किलो, आणि तोही जमिनीपासून तीन फूट वर, गाडीच्या एकाच अंगाला. वळणावर ते वजन गाडी त्या बाजूला झुकवतं, आणि त्या बाजूचे पाटे दोन वर्षांत बसतात. तेवढंच काम स्टीलचा पातळ पत्रा प्लायवर चढवून तिसऱ्या हिश्श्यात होतं. पाण्याचा हिशोब सोपा आहे, लिटरला किलो. दोनशे लिटरची टाकी छतावर ठेवणाऱ्याने छतावर तीन माणसं बसवली आहेत, आणि ही माणसं प्रत्येक ब्रेकला पुढे सरकतात. टाकी खाली हवी, दोन आसांच्या मध्ये, आणि आत आडवे पडदे हवेत, म्हणजे पाणी एकदम एका टोकाला धावत नाही. पंपासाठी थोडी वीज जाईल. जाऊ द्या.

चासीच्या बाबतीत मी हट्टी आहे. ट्रक-बसची चासी म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे दोन लांब लोखंडी पन्हाळ. उभा भाग आणि वर-खाली दोन आडव्या पट्ट्या. सगळा ताण त्या आडव्या पट्ट्या घेतात. तिथे भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, ग्राइंडर टेकवायचा नाही. वरचा सांगाडा यू-बोल्टने धरायचा आणि मध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी द्यायची, म्हणजे चासी पिळली तरी पेटी पिळत नाही. खराब रस्त्यावर चासी पिळतेच. ती पिळण्यासाठीच बनवलेली असते. वरच्या पेटीला घट्ट वेल्ड करून ज्यांनी गाडी मजबूत केली, त्यांच्या खिडकीच्या कोपऱ्यांत वर्षभरात चिरा येतात. पेटीच्या अँगलवर कुठेही वेल्डिंग करताना आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढायच्या आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा. आजच्या गाड्यांत जागोजागी इलेक्ट्रॉनिक डबे आहेत, आणि त्यातला एक जळला तर खर्च पलंग, ओटा, पंखे सगळ्यांच्या बेरजेइतका येऊ शकतो.

विजेच्या प्रकरणाला पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत. बस-ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या. पंखे, दिवे, मोबाइल चार्जर बाजारात १२ व्होल्टचे सहज मिळतात. मग कोणीतरी हुशारी करतो आणि दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक तार काढून १२ व्होल्ट घेतो. ट्रकवाल्यांनी टेपरेकॉर्डरसाठी वर्षानुवर्षं हेच केलं आहे, आणि एका टेपसाठी ते खपूनही जातं. घरगाडीत चार पंखे, पाण्याचा पंप आणि रात्रभराचे दिवे त्याच अर्ध्यावर येतात. एक बॅटरी रोज रिकामी होते, दुसरी भरलेलीच राहते. सकाळी अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास देतो. रिकामीला ते पुरत नाही आणि भरलेलीला ते जास्त होतं. काही महिन्यांत एक मरते, दुसरीचं पाणी उकळून आटतं. दुकानदार मेलेली एकच बदलून देतो, आणि नव्या-जुन्याच्या जोडीने तोच खेळ पुन्हा सुरू. उपाय दोन. एक, दोन्ही बॅटऱ्यांवरून २४ घेऊन कन्व्हर्टरने १२ करायचे. दुसरा, घराची बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून पूर्ण वेगळी ठेवून तिला छतावरच्या सोलर पॅनलवर चार्ज करायची. मला दुसरा पसंत आहे, कारण रात्री कितीही पंखे लावले तरी सकाळी गाडी सुरू होते.

तारेची जाडी हा याच प्रकरणातला पुढचा मुद्दा. घरात २३० व्होल्ट असतात, म्हणून दीड चौरस मिलिमीटरची तार बऱ्याच कामांना पुरते. १२ व्होल्टवर तीच तार पाच मीटर नेली, म्हणजे जाऊन-येऊन दहा, आणि तिच्यातून दहा अँपिअर घेतले, तर एक व्होल्टाहून अधिक वाटेतच जातो. पंप कण्हतो, दिवा पिवळा पडतो आणि दोष बॅटरीला मिळतो. सहा चौरस मिलिमीटरची तार घातली की तोच तोटा सुमारे तीस शतांश व्होल्टावर येतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, यंत्राजवळ नव्हे, कारण जपायची असते ती मधली तार. आणि पत्र्यातून तार जाते तिथे भोकात रबरी ग्रोमेट हवाच. या एका रबराच्या अभावी पत्र्याची धार महिनोन्महिने तारेचं आवरण करवतत राहते, आणि पुढे एके दिवशी गाडीत जळका वास येतो.

गॅसबद्दल थोडक्यात, कारण इथे सूट देण्यासारखं काही नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर वर जाऊन खिडकीतून निघत नाही, फरशीवर साचतो, आणि झोपलेली माणसं नेमकी तिथेच असतात. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद हवा, त्याचं दार बाहेरून उघडणारं हवं, आणि तळाला बाहेर उघडणारं छिद्र हवं. सिलिंडर नेहमी उभा आणि पट्ट्याने बांधलेला. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो. चालत्या गाडीत शेगडी पेटवायची नाही. पोहे गाडी थांबवून करा. गळती शोधायची तर साबणाच्या पाण्याने.

बाकीचं पुस्तक किरकोळ वाटणाऱ्या कामांचं आहे, आणि मला स्वतःला तेच जास्त आवडतं. घरातल्या कपाटाचं चुंबक पहिल्या गतिरोधकाला दार सोडतं, तिथे खटका हवा. कडक प्लास्टिकचे पाइप सांध्यात तडकतात, तिथे लवचिक नळी आणि क्लिप. प्लायमध्ये स्क्रू फिरून-फिरून भोक मोठं करतात, तिथे आरपार बोल्ट. छताला भोक पाडून झरोका बसवला तर कडेला सिलिकॉन नको, पॉलियुरेथेनचा सीलंट हवा. सिलिकॉनवर नंतर रंग धरत नाही की दुसरा कुठलाही सीलंट चिकटत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात खरडून काढण्यात दुपार जाते. लोखंडी पत्र्यावर अॅल्युमिनिअमचे रिव्हेट मारले की ओलीत दोन धातूंची जुगलबंदी होऊन रिव्हेटच्या कडेने गंज फुटतो. उन्हाचं तर आम्हाला शिकवायला नको. नवतपात, म्हणजे ऐन कडक उन्हाळ्याच्या दिवसांत, इथे पत्र्याच्या छताला हात लावता येत नाही. आत फोमचा थर, त्यावर प्लाय, आणि छत पांढरं. काळ्या रंगाचा रुबाब फोटोपुरता ठीक आहे.

ब्रेक, स्टीअरिंग, आस आणि पाटे यांचं पुस्तकात फक्त वर्णन आहे, कृती नाही. त्यांचा आवाज कसा येतो, बिघाड कसा ओळखायचा, मिस्त्रीला काय विचारायचं, एवढंच. हात स्वतः घालायची जागा ती नाही. काही वाचकांना हे भित्रेपणाचं वाटेल. वाटू दे.

जुनी गाडी अजून घ्यायची असेल त्यांनी शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. फरशीखालचा गंज कुठे टोचून बघायचा, टायरच्या बाजूवरचे चार आकडे कसे वाचायचे (२३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, मग नक्षी कितीही नवी दिसो), लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर कुठले कागद हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे सगळं तिथे आहे. गाडी दारात उभी असेल तर मात्र काहीही बसवण्याआधी तिला काट्यावर न्या. पुढचा आस वेगळा, मागचा वेगळा, मग पूर्ण गाडी, असं रिकाम्या गाडीचं वजन करून आणा. ते तीन आकडे लिहायला दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी चौकट सोडली आहे. ओट्यापासून टाकीपर्यंतचे पुढचे सगळे हिशोब त्या आकड्यांवरूनच करायचे आहेत.